बिनझऱ्याची बरणी

अब्दुल गनीनं काचेची बरणी उजेडाकडे धरली. तळाशी नीळ कालवलेला गाळ, त्यावर चार बोटं पिवळी माती, मग वाळू, वर पाणी. तिसऱ्या दिवशीही पाणी स्वच्छ होतं.

"भरा आता विहिरीचं पानी," तो दारात उभ्या शेजारणीला, जनकाबाईला म्हणाला.

महिन्यापूर्वी गावच्या विहिरीत कपाशीवर फवारायच्या औषधाचा डबा पडून फुटला. पाणी चारदा उपसलं, पण औषध गाळात मुरलं होतं आणि झरा सगळा गाळ काढू देईना. विहिरी बांधण्यात केस पिकवलेल्या गनीनं मग गाळावर मातीचा आणि वाळूचा थर दाबून बसवला. नदी कोसभर लांब. विहीर कधी उघडायची, असं सरपंच भगवानराव रोज विचारत, पण गनी ताकही फुंकून पिणारा माणूस. बरणीतली नीळ वर आली नाही, तर विहिरीतलं औषधही येणार नाही, असा त्याचा हिशेब.

जनकाबाईनं वाकून पाहिलं. "सारं हाये, गनीभाई. पन याले झरा कुठी हाये?" ती हसत निघून गेली.

 गनीनं कंदिलाची काच घेतली, खालचं तोंड फडक्यानं बांधलं, तेच थर भरले आणि काच पाण्याच्या बादलीत उभी धरली. आता पाणी झऱ्यासारखं खालून चढणार होतं.

दुपार कलता कलता वाळूतून निळी रेघ वर आली.  गनी अनवाणीच विहिरीकडे पळाला. सरपंच तिथंच होते.

"भगवानराव, दोर काढा. माह्यं चुकलं."

"सकाळीच तं चांगलं म्हनलं तुमी."

"बरनीले झरा नव्हता. विहीर बुजवा लागन."

सरपंचांनी दोर ओढून घेतला. मागं जनकाबाई घागर घेऊन उभी होती.

"म्या तं दुपारीच एक नेली. आमची अन्नपूर्णा पेली बी," ती म्हणाली. अन्नपूर्णा तिची चार वर्षांची नात. "तुमीच सांगतलं होतं ना, गनीभाई?"

तिच्या आवाजात राग नव्हता. त्याचीच गनीला जास्त भीती वाटली.

तो तिच्यामागं तिच्या घरी गेला. ती घागर त्यानं स्वतः उकिरड्यावर रिकामी केली. अन्नपूर्णा अंगणात खडे मांडून खेळत होती. गनी उंबऱ्याशी बसला.

"घरी नाई जाऊन राह्यले?" जनकाबाईनं विचारलं.

"पोरगी जेवू द्या. मंग जातो."

पोरगी भाकर खाऊन पुन्हा खेळायला लागली. गनी उठला नाही.