चातुर्मासातले हेडलाइट

अंकितने गाडीला नवे हेडलाइट बसवले आणि घरात असा वावरू लागला, जणू सूर्यही यानेच वर टांगलाय.

गाडी जुनी, जपानी, लाल, दोनच सीटची. बटण दाबलं की बॉनेटमधून दिवे पापण्या उघडल्यासारखे वर येतात. त्यासाठी सगळं कारंजा गाव तिच्याकडे पाहतं, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. पाहतात खरं, पण तिला कोणीतरी ढकलत असतं तेव्हा. जुन्या दिव्यांचा आतला चकाकता भाग काळा पडला होता. याने परदेशातून नवे मागवले, मोबाइलवर व्हिडिओ पाहत स्वतःच बसवले, भर दुपारी अंगणात पेटवून पाहिले आणि हात झटकले.

भर दुपारी! आमच्या जैन घरात दुसरं काय होणार म्हणा. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, आणि चातुर्मासात ओसरीवरचा बल्बसुद्धा बंद, किडे येऊन मरतात म्हणून. हेडलाइट अंधारात लावून बघावेत, हे इथे कोणाच्या डोक्यात येणार?

रविवारी वाशिमला जुन्या गाड्यांचा मेळावा होता. संध्याकाळी जायचं, रात्री परत. कुटुंबासह या, असा निरोप होता. तिसरी सीट नाही, म्हणजे वर्षभराची कृतिका माझ्या मांडीवर. मी सांगितलं, पोरीला रात्री त्या गाडीत नेणार नाही. रस्त्यावर ट्रक असतात, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर असतात. म्हणूनच तर नवे दिवे बसवले, असं तो म्हणाला, आणि मी शंकेखोर आहे, असंही.

मग मी दिव्यांचा खोका वाचला. हे काम त्याने केलं नव्हतं. रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालवणाऱ्या देशांसाठी, असं त्यावर स्वच्छ छापलेलं. मी दाखवलं, तर म्हणाला, "दिवा तो दिवा. त्याले काय डावं-उजवं कळते?"

हे बोलणाऱ्या माणसाची इंजिनिअरिंगची पदवी आमच्या दिवाणखान्यात फ्रेममध्ये टांगलेली आहे.

शनिवारी दिवेलागणीला मी गोडाऊनच्या भिंतीवर पांढरी चादर टांगली, कृतिकाला कडेवर घेतलं आणि त्याला दिवे लावायला लावले. पापण्या उघडल्या. चादरीवर डावीकडे उजेड खालीच राहिला, आणि उजवीकडे तिरका चढत पार माझ्या डोक्याच्या वर गेला. आपल्याकडे समोरची गाडी उजवीकडूनच येते. मी तिथे हात ठेवला.

"समोरच्या ड्रायव्हरचे डोळे इथे. त्याला काही दिसणार नाही. तो आपल्यावर येईल, तेव्हा माझ्या मांडीवर कोण असेल?"

अंकितने मान तिरकी करून पाहिलं. काचेच्या त्या भागावर थोडी चिकटपट्टी लावली की होते, म्हणाला. मेळाव्याला नाव दिलंय, लोक काय म्हणतील, हेही म्हणाला. पोरीबद्दल एक शब्द नाही.

तोवर किडे आले. आधी चार-दोन, मग थवाच. चादर हलत असल्यासारखी दिसायला लागली. काही गरम काचेवर आपटून खाली पडत होते. सूरजबाई, माझ्या सासूबाई, ओसरीतून धावतच आल्या.

"बंद कर रे पहिले! चातुर्मासात एवढे जीव मारून राह्यला? कायले पाप लावून घेतं? अंधार पडल्यावर ही गाडी घराबाहेर निघायची नाही, सांगून ठेवतो तुले."

त्याने लगेच बटण दाबलं. पापण्या मिटल्या. ना शंकेखोर, ना चिकटपट्टी, ना लोक. "बरं आई," एवढंच.

मी आठवडाभर पोर, पोर करत होते. ते ऐकू आलं नाही. किडे मात्र लगेच ऐकू आले.

रविवारी वाशिमला कोणी गेलं नाही. अंकित बाजारात सांगत फिरतोय की आपण चातुर्मासात रात्री गाडी काढत नाही, नियम म्हणजे नियम. लोक त्याचं कौतुक करताहेत. करोत. चातुर्मास कार्तिकात संपेल. तोवर डाव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशांसाठीचे दिवे आले तर ठीक. नाही आले, तर चातुर्मासानंतरचे किडे जीव नसतात का, एवढं मी सासूबाईंना अगदी नम्रपणे विचारणार आहे.