जोड न दिसणारी वेल

या सौद्यात हर्षदाला मिळायचं होतं ते नाव. पैसा नाही, मानपान नाही, मंडळाचा नारळसुद्धा नाही. गणपतीच्या मांडवाशेजारी लागणाऱ्या एलईडी पडद्यावर, कार्यक्रम संपताना, ‘चित्रं : हर्षदा’ एवढी एक ओळ. ज्यांची नावं दुकानाच्या पाटीवर आणि रिक्षाच्या पाठीवर आधीच झळकतात त्यांना हे किरकोळ वाटेल. पण हर्षदाचा धंदाच असा, की काम तिचं आणि नाव दुसऱ्याचं. भूपेंद्रभाईंच्या साडी कारखान्यात ती कॉम्प्युटरवर डिझाइनं काढायची. साडीला नाव पडायचं ‘रूपवंती’ नाहीतर ‘मेघना’, कॅटलॉगवर चेहरा बाहेरून आणलेल्या मॉडेलचा आणि खोक्यावर शिक्का भूपेंद्रभाईंचा. वेल काढणारीला कोण विचारतो? भाजी वाहवा मिळवते, सांडशी खुंटीला जाते.

सौदा घेऊन आला ललित. सुरतच्या बमरोलीत तिच्या गल्लीतच राहायचा, बापाबरोबर लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला जायचा, आणि तिथला खडखडाट मोबाइलवर भरून आणून लॅपटॉपमध्ये कापायचा, जोडायचा, खालून एक जाडजूड ठोका लावायचा. त्याला तो इलेक्ट्रॉनिक म्युझिक म्हणायचा. त्याचा बाप म्हणायचा, “जो आवाज बुडवायला लोक कानात कापूस घालतात, तो हा कानात घालून बसतो.” यंदा मंडळानं त्याला आरतीनंतर दहा मिनिटं दिली होती. नुसत्या आवाजाला माणसं थांबणार नाहीत, डोळ्यांनाही काही खाऊ हवा, हे कळण्याइतका ललित हुशार होता. तो खाऊ फुकटात कोण करून देईल, हे कळण्याइतका जास्तच हुशार होता.

“तुझं नाव शेवटी. मोठ्ठं. अख्खी बमरोली वाचेल,” तो म्हणाला.

“आणि तुझं?”

“माझं सुरुवातीला.” मग जरा थांबून, “मध्येही एकदा येईल.”

हर्षदाला हसू आलं, पण रात्रभर झोप काही आली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं त्याचं संगीत कानाला लावलं आणि ताडकन सरळ बसली. खडखड, खडखड, ठोका. खडखड, खडखड, ठोका. आठव्या ठोक्याला सूर संपायचा तिथेच सुरू व्हायचा आणि सांधा कुठे ते कळायचं नाही. हे तर रिपीट! साडीच्या डिझाइनचा एक तुकडा असतो. तोच पुढे पुढे छापत गेला की अंगभर वेल होते. तुकडा तुकड्याला मिळतो तिथे जोड दिसला तर डिझाइन फुकट. सात वर्षं ती डोळ्यांनी जे करत होती तेच हा पोरगा कानांनी करत होता. त्या क्षणापासून तिला स्वस्थता म्हणून उरली नाही. भाजी चिरताना बोटं ठोका धरायची, बसली की गुडघा नाचायचा.

“पाय नको हालाडू,” आई, पुष्पाबाई, खानदेशी बोलीत ओरडायच्या, “घरमाईन लक्ष्मी जास.” पुष्पाबाई घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या. मार्केटमधून गठ्ठे यायचे, टिकल्या लागून परत जायचे. लक्ष्मी येते कुठून आणि जाते कुठे, याची त्यांना हर्षदापेक्षा चांगली माहिती होती.

आता चित्र कशाचं करायचं? वेळ थोडा. आणि हर्षदाच्या हातून निघालेलं सगळ्यांत देखणं काम एकच : दिवाळीच्या कॅटलॉगची वेल, जी अजून कारखान्याबाहेर गेली नव्हती. सुरतेत बाजारात न आलेलं डिझाइन बाहेर दाखवणं म्हणजे उघड्या तिजोरीशेजारी ताणून देणं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण मनाला वकील लागत नाही. ते स्वतःच बाजू मांडतं. वेल मी काढली. माझी नाही तर कुणाची? आणि पडद्यावर हलणाऱ्या चित्रावरून साडी कोण ओळखतो!

पहिला तुकडा बघून ललितनं नाक मुरडलं. “हे मिठाईच्या खोक्यासारखं दिसतंय. माझा ठोका पडला की चित्र फुटलं पाहिजे, हर्षदा. चिंध्या झाल्या पाहिजेत. आवाज धक्का देतोय आणि डोळ्यांना काय, पाळणा?”

“फुटलं तर जोड दिसेल.”

“दिसू दे ना!”

“माझ्या चित्रात जोड दिसत नसतो.”

“अगं, साडी नाहीये ती. कुणी नेसणार आहे का?”

“तुझा ठोका तुला आठव्यालाच लागतो ना, साडेसातव्याला चालत नाही? मग माझ्या वेलीत हात घालू नको.”

दोन दिवस दोघं बोलले नाहीत. शेवटी ललितनं हार मानली, कारण त्याच्याकडे दुसरं फुकट माणूस नव्हतं. ठरलं ते असं : सुरुवातीला चित्रात नुसते ठिपके आणि धागे नाचतील, आवाज चढेल तसे गुंततील, आणि शेवटच्या मोठ्या ठोक्याला अख्खी वेल सपाट, स्वच्छ, बिनजोड पडदाभर पसरेल आणि पसरतच राहील.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मंडळाचा सेक्रेटरी नितीन आला. “शेवटची स्क्रीन प्रायोजकाला दिलीय. त्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत. नावाबिवाचं पुढच्या वर्षी बघू.”

ललितनं मोबाइलमध्ये डोकं घातलं. त्याचं नाव सुरुवातीला होतं, त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

हर्षदा भांडली नाही. घरी गेली, लॅपटॉप उघडला आणि वेलीत शिरली. वेलीच्या एका आडव्या दांडीची तिनं शिरोरेषा केली. तिच्याखाली तणावे वळवले, एक पान आकाराला आणलं, एक कळी काना म्हणून उभी केली. लांबून वेल, जवळून ‘हर्षदा’. आणि रिपीटच तो! एकदा लिहिलं आणि पडदाभर शेकडोंदा उमटलं. प्रायोजकाला एकदाच शुभेच्छा मिळणार होत्या.

आरती झाली, कापूर विझला आणि ललितच्या लूम सुरू झाल्या. गल्लीतल्या माणसांना आधी वाटलं, कुणाचं लूमचं खातं चालू राहिलं की काय. मग पडद्यावर धागे हलायला लागले, आणि जो खडखडाट सगळ्यांच्या हाडांत मुरलेला होता तो डोळ्यांना दिसायला लागला. लोक हसले, मग पुढे सरकले. शेवटचा ठोका पडला. वेल पसरली. हजारभर मोबाइल वर गेले. हर्षदाच्या छातीत असं काही धडधडलं की ठोका कुठला आणि आपला जीव कुठला, ते तिला समजेना. पुष्पाबाई मात्र पडद्याकडे पाठ करून प्रसाद वाटत होत्या.

त्यानंतर तिचं काम एकच, मोबाइलवर फिरणारा कार्यक्रमाचा व्हिडिओ बघणं. किती जणांनी पाहिला, कुणी काय लिहिलं, नाव कुणी वाचलं का. ललितचं नाव सगळ्यांनी वाचलं होतं. वेलीतलं कुणीच नाही. कारखान्यात भूपेंद्रभाईंचा फोन वाजला की ती व्हिडिओ बंद करायची. नाही वाजला की पुन्हा उघडायची.

विसर्जन होऊन थोडे दिवस गेले. एका संध्याकाळी ती घरी आली तर पुष्पाबाईंच्या मांडीवर नवा गठ्ठा फुटलेला. रंग भडक, कापड हलकं, पण वेल तीच. तिची वेल. भूपेंद्रभाईंच्या दिवाळीआधीच मार्केटात उतरलेली.

ज्यानं कुणी उचलली त्याला फार कष्ट पडले नव्हते. व्हिडिओ थांबवायचा, चित्र कापायचं, छापायचं. वेल सपाट होती, स्वच्छ होती, रिपीट पूर्ण होता. जोड शोधायची दगदगसुद्धा हर्षदानं वाचवली होती. ललितच्या म्हणण्याप्रमाणे चिंध्या केल्या असत्या, तर चोराच्या हाती चिंध्याच लागल्या असत्या.

पुष्पाबाईंनी टिकली लावायला पदर उलगडला आणि बोट थबकलं. चौथीपर्यंत शिकलेलं ते बोट दांडीवरून हळूच फिरलं. “हर्षदा... हाई तुनं नाव शे ना वं?”

हर्षदानं मान हलवली. तेवढ्यानंही रडू फुटेल असं वाटलं, म्हणून ती मोरीत जाऊन तोंड धूत राहिली. एवढ्या बमरोलीत तिचं नाव पहिल्यांदा वाचलं ते आईनं, आणि वाचलं ते चोरीच्या मालावर.

दुसऱ्या दिवशी भूपेंद्रभाईंनी टेबलावर दोन पदर शेजारी शेजारी पसरले. चष्मा कपाळावरून खाली आला.

“बेन, हमारी साडी में नाम नहीं है. चोर की साडी में है. इतना ईमानदार चोर मार्केट में पहली बार देखा.”

त्यांनी चोराच्या पदरावरच्या वेलीवर बोट ठेवलं.

“दिखाना ही था तो थोडा तोड-मरोड के दिखाती. कौन उठाता?”

“जोड दिसला असता, भूपेंद्रभाई.”

भूपेंद्रभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. जोड दिसता कामा नये, हे तिला पहिल्या महिन्यात त्यांनीच बजावलं होतं. “वो तो मैंने सिखाया था,” ते हळूच म्हणाले आणि कॉम्प्युटरचा पासवर्ड एका कागदावर लिहून मागितला. सुरतेत नोकरी अशीच जाते. आवाज होत नाही.

आता हिशेब. ललितला नंदुरबारकडच्या एका हळदीचं बोलावणं आलं, पडद्यासकट. चित्रं मात्र त्याला दुसरीकडून फुकट मिळवायची आहेत. नितीनचा प्रायोजक खूश. मार्केटातल्या त्या अज्ञात इसमाचे गठ्ठे हातोहात गेले. भूपेंद्रभाईंना वेल गाळून कॅटलॉग नव्यानं करावं लागलं, तेवढा त्यांचा घाटा. हर्षदा आता सुरतच्याच कतारगाम भागात एका लहानशा खोलीत डिझाइनं काढते. पगार कमी, जाणंयेणं लांब, आणि नाव तिथेही कुठे नाही. गुडघा अजून नाचतो.

आणि पुष्पाबाई. गठ्ठा परत करायला त्या मार्केटात गेल्या, तेव्हा त्यातली एक साडी त्यांनी बाजूला काढली आणि भाव विचारला. कोथिंबिरीच्या जुडीवर दोन मिरच्या घेतल्याशिवाय न हलणाऱ्या बाई. त्या दिवशी सांगितला तो भाव त्यांनी निमूट दिला. लेकीचं नाव वाचून तिच्या चित्राला मिळालेलं हेच पहिलं गिऱ्हाईक, आणि त्याचेही पैसे गेले चोराच्या गल्ल्यात.