तीन मिलिमीटर

श्रीपाद खानझोडे गेले ते ऑफिसातच, ड्रॉइंग बोर्डासमोर. १९७६ च्या मार्चमधला शुक्रवार होता. डबा उघडायच्या आधी त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं, शेजारच्याकडे पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. वय अडतीस.

ते रेल्वेच्या डिझाइन ऑफिसात इंजिनिअर होते. आठ वर्षांपूर्वी अकोल्याहून लखनौला आले, मानक नगरच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं, मुलगी चित्रा इथंच शाळेत जाऊ लागली. आता ती अकरा वर्षांची होती आणि आईनं मराठीत काही विचारलं की उत्तर हिंदीत द्यायची.

लतिकाच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली होती. जायच्या आधीचे पंधरा दिवस श्रीपाद रोज सकाळी म्हणत, डोकं जड वाटतंय. आणि ती म्हणायची, "मार्च आहे. आत्ता कोण रजा देणार? एप्रिलमध्ये घ्या."

हे ती कोणाजवळ बोलली नाही.

नियमाप्रमाणे घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. लतिका मॅट्रिक होती, आणि वर्ध्याच्या शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षा तिनं दिल्या होत्या. तेवढ्यावर सप्टेंबरमध्ये तिला त्याच ऑफिसात ट्रेसर म्हणून घेतलं. इंजिनिअरांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर मेणचट, आरपार दिसणारं निळसर कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघ न् रेघ काळ्या शाईनं गिरवायची, हे तिचं काम. त्या कापडावरून मग छापील प्रती निघत आणि कारखान्यांत जात.

ट्रेसिंगच्या खोलीचे प्रमुख होते नक्वी साहेब. जुन्या लखनौतल्या चौक भागात राहणारे, पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी तिला सांगितलं, "मिसेज़ खानझोडे, जो है वही उतारिए. न कम, न ज़्यादा."

पहिले सहा महिने तिनं ते काम दिवस ढकलल्यासारखं केलं. रेघा सरळ यायच्या, पण त्या कशाच्या आहेत याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. दहा वाजता यायचं, पाचला उठायचं, चित्राला जेवू घालायचं. कोणी विचारलं, काम कसं चाललंय, तर ती म्हणायची, "चाललंय." मनात मात्र तिला वाटे, एक माणूस गेला आणि त्याच्या जागी आपल्याला गिरवायला बसवलंय.

मे महिन्यात खोलीतले पंखे बंद ठेवावे लागत, कापड फडफडायचं म्हणून. घामाचा एक थेंब पडला तरी कापडावर पांढरा डाग उठतो आणि पुरा दिवस वाया जातो, त्यामुळे सगळे मनगटाखाली रुमाल ठेवून काम करत. अशाच एका दुपारी तिच्या बोर्डावर नवी शीट आली. मालगाडीच्या चाकांवरच्या सांगाड्याला जोडायचा एक ब्रॅकेट होता. वर्षभर अडकून पडलेलं काम पुन्हा सुरू झालं होतं. तिनं कोपऱ्यातली चौकट पाहिली. 'ड्रॉन बाय'समोर एस. के., आणि तारीख अकरा मार्च १९७६. श्रीपाद गेले त्याच्या आठ दिवस आधीची.

ती अक्षरं तिच्या ओळखीची होती. किराणा मालाच्या यादीत, चित्राच्या वह्यांच्या कव्हरांवर तेच आकडे असायचे, तोच आडवी रेघ मारलेला सात.

ती शीट तिनं घाईनं केली नाही. प्रत्येक भोकाचं माप, प्रत्येक गोलाई ती सावकाश गिरवत गेली. आणि पहिल्यांदाच, गिरवता गिरवता, तिनं आकडे वाचले. ओळीनं चार भोकं होती. त्यांच्यामधली अंतरं दोनशे बारा, दीडशे, दोनशे बारा. खाली एकूण अंतर लिहिलेलं, पाचशे सत्त्याहत्तर.

तिनं बेरीज केली. पाचशे चौऱ्याहत्तर. पुन्हा केली. तेवढीच आली.

तीन मिलिमीटरचा फरक.

तिनं पेन खाली ठेवलं. डोकं जड आहे म्हणणारा माणूस तिला त्या आकड्यांत बसलेला दिसला. तिनं त्याला रजा घेऊ दिली नव्हती, आणि तो इथं येऊन चुकला होता.

त्या दिवशी तिनं शीट गुंडाळून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशीही काढली नाही, दुसरीच एक घेतली. चूक सांगितली तर दुरुस्तीच्या कागदावर श्रीपादांचं नाव येणार. ऑफिसात त्यांच्याबद्दल सगळे एकच गोष्ट सांगत, की खानझोड्यांच्या शीटवर पुन्हा नजर टाकावी लागत नाही. त्यांचं म्हणून इथं तेवढंच उरलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिनं ठरवलं. कापडावरचा शेवटचा सात खरवडायचा आणि चार लिहायचा. ब्लेडच्या एका टोकाचं काम. कोणाला कळणार नव्हतं.

ब्लेड हातात घेतलं तेव्हा नक्वी साहेब मागे उभे होते. कधी आले ते तिला कळलं नाही. त्यांनी शीट पाहिली, चौकटीतली नावाची अक्षरं पाहिली, मग आकडे. त्यांनाही वेळ लागला नाही.

"साहब, बेरीज... जोड़ ग़लत है," ती म्हणाली. "मैं ठीक कर देती हूँ."

त्यांनी हळूच विचारलं, "आपको मालूम है, इन चारों में ग़लत कौन सा है?"

एकूण अंतर चुकलंय असं लतिका धरूनच चालली होती. पण ते बरोबर असेल तर? मग मधल्या तीन अंतरांपैकी एक चुकीचं होतं, आणि तिनं चार लिहिला असता तर नकाशा बेरजेला पक्का आणि प्रत्यक्षात खोटा झाला असता. पुढं कोणालाही शंका आली नसती. भोकं जुळली नसती, कारखान्यातल्या माणसांनी ती ठोकून जुळवली असती, आणि मग तो ब्रॅकेट टनावारी ओझ्याखाली धावला असता.

"मुझे नहीं मालूम," ती म्हणाली.

"तो जिन्हें मालूम है, उनके पास ले जाइए."

वरच्या मजल्यावर चारुदत्त टेंबे बसत. श्रीपादांचे साहेब, आणि घरी येणंजाणं असलेले. लतिकानं शीट त्यांच्या टेबलावर पसरली आणि आकड्यांवर बोट ठेवलं. टेंब्यांनी जुनी फाईल मागवली, गणिताची पानं काढली आणि अर्धा तास खाली मान घालून बसले.

"मधलं चुकलंय," ते शेवटी म्हणाले. "दीडशे नाही, एकशे त्रेपन्न. एकूण बरोबरच आहे." मग त्यांनी चष्मा काढला. "वहिनी, याचा कागद करायची गरज नाही. मी पेन्सिलनं सुधारून देतो, तुम्ही तसंच उतरवा. श्रीपादचं नाव कशाला..."

"कागद करा," लतिका म्हणाली.

"नीट विचार करा."

"केलाय. तीन दिवस तेवढंच केलंय." तिनं आकड्यांवरचं बोट काढलं नाही. "त्यांची तब्येत बरी नव्हती तेव्हा. त्यांनी मला सांगितलं होतं, रोज सांगत होते. मी ऐकलं नाही. आता ही चूकही झाकली तर त्यांचं काहीच कोणी ऐकलं नाही असं होईल."

टेंब्यांनी दुरुस्तीचा कागद भरला. 'मूळ आकृती'समोर एस. के.; 'चूक निदर्शनास आणणार'समोर मोकळी जागा. कागद त्यांनी तिच्याकडे सरकवला आणि तिनं सही केली.

त्या संध्याकाळी ती कॉलनीतल्या रस्त्यानं चालत घरी गेली. रडू आलं ते दार लावल्यावर, बराच वेळ. चित्रा शेजारी येऊन बसली. "क्या हुआ आई?" तिनं विचारलं. लतिकानं तिला सगळं सांगितलं, रजेचंही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. चित्रानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पापा को तो रविवार को भी ऑफिस जाना अच्छा लगता था. छुट्टी लेते ही नहीं." खरं होतं ते. त्यानं मनातलं ओझं उतरलं नाही, पण एकटीनं वाहायचं राहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून लतिका प्रत्येक शीटची बेरीज करू लागली. मग बेरजेपुढचं विचारू लागली: ही गोलाई इथं का, हा पत्रा दहाचा का, बाराचा का नाही. नक्वी साहेब डबा खाताना तिला शिकवत. पोळीचा तुकडा मोडून ताण कुठं पडतो ते दाखवत. १९७९ मध्ये तिनं पॉलिटेक्निकच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. वर्गातल्या सगळ्यांहून ती मोठी होती. गणितात एकदा नापास झाली, पुन्हा बसली. कितीदा वाटलं, कशासाठी हे? पण सकाळी बोर्डासमोर बसलं की तो प्रश्न उरत नसे. समोर काहीतरी असायचं, जे नीट व्हायला हवं असायचं.

१९८४ मध्ये ती ड्राफ्ट्समन झाली. आता पेन्सिल तिच्या हातात होती आणि शाईनं दुसरं कोणी गिरवत होतं.

ऑर्डर हातात आली त्या रविवारी ती चौकात नक्वी साहेबांकडे गेली. ते निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं होतं आणि आता त्यांना उजेड आणि सावली, एवढंच दिसे. तिनं बातमी सांगितली. त्यांनी मान हलवली, चहा मागवला आणि विचारलं, "आजकल बोर्ड पर क्या है?"

स्प्रिंग बसवायची एक कॉलर होती. लतिका सांगू लागली, बाहेरच्या व्यासापासून, एकेक माप, एकेक कड. ते डोळे मिटून ऐकत होते. चहा आला, निवला. मधेच त्यांनी बोट वर केलं.

"अंदर का कोना. वहाँ रेडियस कितना रखा है?"

"छह."

"छह बस होगा?"

"देखना पड़ेगा," ती म्हणाली.

"देखिए," ते म्हणाले, आणि गार झालेला चहा त्यांनी चवीनं प्यायला घेतला.

सोमवारी दहाला पाच मिनिटं असताना लतिका बोर्डासमोर होती. पिशवी खाली ठेवली, गणिताची वही उघडली आणि त्या कोपऱ्यावरच्या ताणाचं गणित पहिल्यापासून करायला घेतलं. साडेअकराला तिनं सहा खोडला आणि आठ लिहिला.