खरा माणूस वगैरे कुणी नव्हता

आधी तो फोन खाली ठेव आणि नुसती ऐक. मध्ये "हो का?" पण करायचं नाही, माझं टोक सुटतं.

तर मी मामाच्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावत होते. स्टेजच्या मागं, मेकअपच्या खोलीत, सकाळी साडेदहाला. मामाचा उजवा हात थरथरतो ना, त्याला बटण लावता येत नाही. लहानपणीच्या तापात तो हात गेला आणि डावा पाय ओढत राहिला. बाकी माणूस एकदम खणखणीत. चाव्या बनवतो, डाव्या हातानं. कुलूप नुसतं कानाशी हलवून सांगतो आत काय मेलंय ते. डोकं असं की माझ्या बॉसला बाजारात विकून येईल आणि वर पावती पण आणेल.

मी बटण लावतेय, तेवढ्यात बॉसनं दारातून मुंडकं आत घातलं.

"स्क्रिप्टमध्ये छोटासा बदल आहे हं. मामांना आपण 'खरा माणूस' म्हणून नाही बोलवत. 'नक्कल कलाकार' म्हणून बोलवतोय."

"काय?"

"सेक्रेटरीशी बोलणं झालं. साहेब म्हणाले, खरा माणूस वगैरे कुणी नव्हता. पण नक्कल करणारा असेल तर येऊ दे, पाच मिनिटं मजा येईल."

आणि मुंडकं गेलं. माझ्या हातात बटण तसंच.

थांब, साहेब कोण ते सांगते. आमच्या कंपनीकडे कार्यक्रम होता: जुन्या एका अख्ख्या दशकाचे उत्कृष्ट अभिनेते. दहा वर्षं, दहा हिरो, बक्षिसाच्या दहा बाहुल्या. प्रत्येकाच्या बक्षिसाच्या भूमिकेतले तुकडे कापून एक फिल्म करायची, ते काम माझं. तीन आठवडे मी तेच कापत होते. एक आंधळा, एक मुका, दोन वेडे, तीन दारुडे, एक व्हीलचेअरवाला, एक सगळं विसरलेला आणि दहावा आमचा. एकही धडधाकट नाही गं! त्या दहा वर्षांत दोन पायांवर सरळ चालणाऱ्याला बक्षीसच नव्हतं बहुतेक. आणि लगेच पुढच्या तुकड्यात तोच माणूस सूट घालून, स्टेजच्या पायऱ्या दोन-दोन करत चढतोय, दात काढतोय. आत्ता सरपटत होता ना रे तू? मी दिवसभर ते पुढं-मागं फिरवायची आणि संध्याकाळी घास तोंडात फिरायचा. पहिल्यांदा ना, मला चांगला अभिनय बघून ओकारी आली.

तर दहावा आमचा. म्हणजे साहेब. अहो-जाहो करायची इच्छा नाही, पण म्हणते साहेब. मी जन्मायच्या आधी, तो कुणीच नव्हता तेव्हा, चाळीस दिवस मामाच्या एका खोलीत राहिला होता. खाटेवर तो, खाली सतरंजीवर मामा-मामी. मामीनं त्याचे बनियन धुतलेत. दिवसभर चाव्यांच्या दुकानात स्टुलावर बसून मामाकडे बघत राहायचा. मामा कसा उठतो, कसा चालतो, हातातून कानस पडली की कसा ओशाळतो. सगळं वहीत लिहायचा. मग गेला. सिनेमा आला. बक्षीस मिळालं. आणि टीव्हीवर भाषण केलं:

"हा माणूस मी शून्यातून उभा केला. चार महिने आरशासमोर बसून."

मामीनं शेजारपाजार बोलावून ठेवला होता ते भाषण बघायला. आता आमचं नाव घेईल म्हणून. तिनं उठून टीव्ही बंद केला आणि सगळ्यांना म्हणाली, वीज गेली. पंखा चालू होता गं डोक्यावर!

बरं, एवढ्यावर संपलं असतं तर ठीक. सिनेमातला तो माणूस डोक्यानं अर्धवट आहे. झालं! गल्लीतले लोक मामाशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागले. "चा-वी... क-धी... मि-ळे-ल?" ज्याच्याकडून आदल्या दिवसापर्यंत लोक अर्ज लिहून घ्यायचे, त्याच्याशी! आणि साहेबांनी सिनेमात एक स्वतःची भर घातली होती. पाऊल टाकलं की मानेला झटका द्यायचा. गिऱ्हाइकं यायची नि म्हणायची, "ते मानेचं करा ना एकदा." मामा आधी कटकट नको म्हणून करायचा. मग सवय लागली. मी तर जन्मापासून मामाला तसाच बघितलाय. मला वाटायचं तो झटका मामाचाच, साहेबानं मामाचा चोरला.

ती फिल्म कापत होते तेव्हा एकदा मामी माझ्या मागं उभी राहून स्क्रीनवर बघत होती. म्हणाली,

"हा झटका ह्यांचा नव्हता हं. सिनेमा यायच्या आधी ह्यांची मान खांबासारखी होती."

शिसारी आली मला. कशी सांगू? आपल्या घरातल्या माणसाच्या अंगात दुसऱ्याचं उष्टं सापडावं, तसं.

मामीला काय हवं होतं माहितेय? काही नाही. त्यानं एकदा, चारचौघांत, म्हणावं की हो, मी ह्यांच्या घरी राहिलो होतो. बास. तिनं ट्रंकेतून एक फोटो काढून दिला मला. साहेब त्यांच्या फरशीवर मांडी घालून जेवतोय, मामा हसतोय, आणि वाढणारा मामीचा हात, हललेला. मी तो लॅपटॉपमध्ये टाकून तिला परत दिला. ठरलं असं, की मामा स्टेजवर येणार आणि मी एक बटण दाबणार. मागच्या मोठ्या पडद्यावर फोटो. बॉस तर नाचला होता. "लोक रडतील! साहेब रडतील!" आणि आता म्हणे नक्कल कलाकार.

मी म्हटलं, "मामा, ऊठ. घरी चल."

"थांब गं भाचेबाई. शर्टाला कडक इस्त्री केलीय, निदान कुणी बघू तरी दे."

आणि दार उघडून साहेबच आत. केस काळेकुळकुळीत, अत्तराचा असा लोट की मला शिंक आली. मामाकडे बघितलं आणि मान खाली घालून बुटाची नाडी बघायला लागला. नाडी नीट होती. मग एकदम मोठ्यानं,

"वा वा! हेच का ते? करून दाखवा बघू."

मामा उठला. पाय ओढत चार पावलं चालला, मानेला झटका. त्याचाच पाय, त्याचाच हात, आणि समोर हा कंबरेवर हात ठेवून परीक्षक!

"हुबेहूब! फक्त झटका जरा उशिरा येतोय तुमचा. पाऊल पडलं की लगेच. असा."

आणि त्यानं करून दाखवलं. मामाला. शिकवलं गं त्यानं मामाला! बॉस टाळ्या वाजवतोय. मला वाटलं, आता उलटी होणार, ती ह्याच्या बुटांवरच व्हावी.

"कुठं शिकलात?"

मामा म्हणाला, "तुमचंच बघून, साहेब."

एवढ्यात चहाचा ट्रे आला. आता नीट ऐक, हे फक्त मी बघितलं. साहेब बॉसशी बोलत होता, कुठल्या तरी जुन्या शूटिंगची गंमत सांगत होता. बोलता बोलता त्यानं एक भरलेला कप उचलला, निम्मा चहा दुसऱ्या कपात ओतला, आणि तो अर्धा कप मामाच्या डाव्या हाताशी ठेवला. कपाचा कान डावीकडं फिरवून. मामा तसाच चहा पितो. भरलेला कप दिला तर सगळा शर्टावर. आमच्या घरच्यांशिवाय हे कुणाला माहीत नाही. आणि सिनेमात तो चहा पीतच नाही! मी सांगते ना, फ्रेम न फ्रेम पाठ आहे मला, अख्ख्या सिनेमात एक कप नाही.

सत्तावीस वर्षांनी त्याच्या हाताला आठवलं. तोंडाला नाही.

मग त्यालाच कळलं बहुतेक. गोष्ट अर्धी राहिली, माझ्याकडं बघितलं. मी बघतच होते. "चला, भेटू वर," म्हणाला आणि गेला.

"मामा! त्यानं ओळखलं तुला!"

"दारातच ओळखलं की." मामा शांतपणे चहा पीत होता. "जाडा झालाय नाही?"

"आणि तू काहीच बोलला नाहीस? थांब, आता मी लावतेच तो फोटो. सगळ्यांसमोर थोबाड..."

"नको लावू."

"का? मामी तिकडं तिसऱ्या रांगेत बसलीय! कशासाठी आलीय ती?"

त्यानं कप खाली ठेवला. "फोटो लावलास तर काय होईल? लोक माझ्याकडं बघून च्च च्च करतील. फोटो नाही लावलास तर टाळ्या वाजवतील. च्च च्च मी साठ वर्षं ऐकलंय गं. पाच मिनिटं कलाकार म्हणून जाऊ दे की मला."

मी लॅपटॉप काखेत मारला.

वर गेलो. मी विंगेत, लॅपटॉप समोर, फोटो तयार. मामाचं नाव पुकारलं, नक्कल कलाकार. मामा आला, पाय ओढत, मानेला झटका, आणि झटका अगदी वेळेवर, शिकवल्यासारखा. हॉल असा उसळला! शिट्ट्या! साहेब त्याच्या शेजारी तशीच चाल चालतोय, दोघं जोडीनं, टोकापासून टोकापर्यंत. मामाचा चेहरा फुललेला. खोटं नाही सांगत, असा फुललेला मी कधी बघितला नव्हता. मला त्या टाळ्यांची किळस येत होती आणि त्या चेहऱ्याची येत नव्हती, आणि दोन्ही एकाच जागी होतं.

मग साहेबांनी माईक घेतला. "लोक विचारतात, असा माणूस तुम्हाला कुठं भेटला? मी सांगतो, कुठंच नाही. शून्यातून..."

मी तिसऱ्या रांगेत बघितलं. मामी खुर्चीच्या टोकावर आली होती. तिनं शेजारच्या बाईच्या दंडावर हात ठेवला होता आणि तिला पडद्याकडं बोट दाखवत होती. आता बघा, आता बघा, असं. ती पडद्याकडं बघतेय, पडदा काळा. ती माझ्याकडं बघते, मी विंगेत अंधारात, दिसतही नसेन तिला. माझं बोट बटणावर. मामानं एकदा, एकदाच, विंगेकडं बघितलं.

नाही दाबलं.

घरी पोचल्यावर मामीनं चपला काढता काढता विचारलं,

"फोटोचं काय झालं गं?"

मामा पाण्याचा ग्लास शोधायला लागला. मी म्हटलं,

"लॅपटॉप अडकला, मामी."

"मेलं ते यंत्र!" ती म्हणाली. "माझ्या नशिबी नेहमी यंत्रच आडवं येतं." आणि हसली. खरंच हसली, विश्वास बसला तिचा. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात मामाचा फोन वाजला. साहेबांचा सेक्रेटरी, स्पीकरवर. साहेबांना फार आवडलं, पुढच्या महिन्यात आणखी चार गावांत हाच कार्यक्रम आहे, मामांनी सगळीकडं यायचं. मामा "हो, हो साहेब," म्हणतोय, उभा राहून. आणि मामी माझ्याजवळ आली, पर्समधून फोटो काढून माझ्या हातात दिला, आणि कानात म्हणाली,

"चार वेळा संधी आहे. ह्या वेळी तुझ्याकडंच ठेव, आणि ते मशीन आधी नीट करून घे बाई."

परवा निघायचंय पहिल्या गावाला. मामी नवीन साडी घेऊन आलीय, पुढच्या रांगेत बसायला. मामा आरशासमोर झटका बसवतोय. फोटो माझ्या ह्या पर्समध्ये आहे, बघ. आता बोल. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?