मुराळ्याची गाडी

"सुभद्रा आत्या, खरं सांग, तुझ्या डोळ्याला नळच लागला का?"

हा प्रश्न खरं तर हर्षदाचा नव्हता. परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून बाहेर पडल्यावर, शाळेच्या फाटकाशी बर्फाचा गोळा चोखता चोखता मयुरी आणि स्नेहाने तो तिच्या गळ्यात मारला होता. मयुरीचं म्हणणं सरळ होतं. सुरतेतल्या कोसाडच्या त्यांच्या वसाहतीत सगळी घरं एका साच्यातली, एकात शिरलं की शंभरांत शिरल्यासारखं. आणि सगळ्यांच्या बाथरूममध्ये नळ गुडघ्याएवढ्या उंचीवर.

"मग तो आत्याच्या डोळ्याला लागला कसा? आत्या काय आडवी पडून आंघोळ करत होती?"

स्नेहाला इतकं हसू आलं की गोळ्याचा लाल रंग तिच्या युनिफॉर्मवर सांडला. "विचार ना गं, हर्षु! सव्वीस जानेवारीला माइक बंद पडला तर अख्ख्या शाळेसमोर ओरडून भाषण केलंस. आता एका आत्याला घाबरतेस?"

"मी कोणाच्या बापाला घाबरत नाही," हर्षदा म्हणाली.

ते खरंही होतं. त्या भाषणापासून तिला कंठ फुटला होता. आधी वर्गात हजेरीला 'यस सर' म्हणतानासुद्धा जिची जीभ टाळूला चिकटायची, ती आता रिक्षावाल्याशी गुजरातीत भांडायची, भाजीवाल्याशी हिंदीत, आणि उरलंसुरलं घरी येऊन मम्मीशी. वर्गाने तिचं नाव लाउडस्पीकर ठेवलं होतं आणि ते तिला मनापासून आवडलं होतं.

तर लाउडस्पीकर थेट आत्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

सुभद्राबाई ही काही हर्षदाची सख्खी आत्या नव्हे. खालच्या मजल्यावरची शेजारीण, साड्यांना टिकल्या चिकटवून देणारी. पण तिचा सख्खा भाऊ वारला त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला माहेरी न्यायला कोणी आलं नाही. खानदेशात आखाजीला लेकीबाळी माहेरी जातात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि त्यांना न्यायला भाऊ किंवा भावासारखा कोणी येतो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय स्वतःहून माहेरी जाणाऱ्या बाईला गावात मान राहत नाही. त्या वर्षी ती बाई पायरीवर बसून रडली, आणि हर्षदाचे पप्पा अहिराणीत म्हणाले, "ऊठ बहीण, मी शे ना तुना मुराळी." तेव्हापासून ती आत्या झाली. पुढे पप्पांनी कापडाच्या कारखान्यातलं लूमचं काम सोडलं, जुनी व्हॅन घेतली, आणि वसाहतीतल्या आणखी चार बायका दर आखाजीला त्याच गाडीतून माहेरी जाऊ लागल्या. सगळ्यांचा मुराळी एकच, छगनभाऊ.

यंदा परीक्षा होती म्हणून हर्षदा आणि मम्मी सुरतेतच राहिल्या. पप्पा परत आले ते गारांनी ठेचलेली गाडी घेऊन. बायकांना आपापल्या गावी सोडलं, गाडी मामाच्या खळ्यात रिकामी उभी केली आणि तेवढ्यात गारपीट झाली, असं ते म्हणाले. बाकीच्या बायका अजून माहेरीच होत्या. आत्या तेवढी त्यांच्यासोबत परत आली. तिला म्हणे माहेरी करमलं नाही. आणि आल्या आल्या बाथरूममध्ये म्हणे डोळ्याला नळ लागला.

आत्या खिडकीकडे पाठ करून बसली होती. एका डोळ्यावर पांढरी पट्टी. समोर साड्यांचा गठ्ठा तसाच बांधलेला, गोंदाची बाटली उघडलेलीसुद्धा नाही. प्रश्न ऐकून ती आधी हसली.

"काय वं पोरी, तुना माइक आठे बी चालू व्हयना का?"

"नळ गुडघ्याएवढा आहे, आत्या."

आत्याचं हसू ओसरलं. तिने दाराकडे पाहिलं. नवरा भटू दिवसपाळीला लूमवर गेलेला. मग ती हळूच म्हणाली, "बठ."

आणि हर्षदाने जे ऐकलं त्याने तिच्या तोंडचा गोळ्याचा गोडवा पार कडू झाला. गारा पडल्या त्या खळ्यात नव्हे, नवापूरच्या पुढे, भर रस्त्यात. गाडीत पाचही बायका होत्या. लिंबाएवढ्या गारा. टपावर असा आवाज की एकमेकींचं ओरडणं ऐकू येईना. पप्पा आडोसा शोधत गाडी पुढे दामटत राहिले. आत्याने हट्टाने खिडकीची जागा घेतली होती, माहेरची वाट बघायला. ती काच तिच्या तोंडावरच फुटली.

"मग नळ का सांगितलास?"

"तुना पप्पानी इमावालासले फोन करी दियेल व्हता ना, गाडी रिकामी व्हती म्हनीसन. डाक्टरनी इचारं काय लागनं. तुना पप्पानी मनाकडे दखं. मी सांगी दिधं, नळ."

"आणि डॉक्टर काय म्हणाले?"

"पापनी फाटनी, बाकी मुका मार शे म्हने. थेंब दिधात, पट्टी बांधी दिधी." आत्याने पट्टीला हात लावला. "पन हर्षु, आतमा काहीतरी खुपस. डोया हलावा का खुपस. आनि आते या चांगला डोयालेबी उजेड सहन व्हत नही."

म्हणून ती खिडकीकडे पाठ करून बसली होती.

"डॉक्टरला काच माहीतच नाही, आत्या! त्याने काच शोधलीच नसेल!"

आत्याने तिचं मनगट घट्ट धरलं. "कोनले सांगू नको. मना भाऊ शे तो. मुराळीनी गाडीमा बहीननं रगत सांडनं, हाई सांगाव का लोकेसले? तुले मनी आन शे."

मैत्रिणींना सांगता येईल असं काही उरलं नव्हतं. मयुरीचा फोन आला तेव्हा हर्षदा म्हणाली, "विचारलं. नळच लागला." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी विम्याचा सर्वेयर पर्वत पाटिया भागातल्या गॅरेजवर गाडी बघायला येणार होता. पप्पा म्हणाले, "हर्षु, चल. इंग्रजी कागद वाचायला कोणीतरी हवं." एरवी ती उड्या मारत गेली असती.

गाडी भिंतीला टेकून उभी होती. देवी येऊन गेलेल्या माणसाच्या तोंडासारखं झालेलं बॉनेट. टपाला इतके खड्डे की त्यांत सकाळच्या पाण्याची डबकी साचलेली. गॅरेजवाला ललित त्यावरून हात फिरवत पप्पांना समजावत होता. "छगनभाई, जिथे रंग तुटला नाही तिथे आतून दाबून खड्डा काढू. दरवाजे होतील. बॉनेटला पुट्टी भरावी लागेल. टप मात्र गेला, तो कापून नवा बसवायचा. आणि काचा. विमा पास झाला तर ठीक, नाहीतर भंगारवाल्याला विचारा."

पप्पा हसल्यासारखं करत होते. लूमवर इतकी वर्षं काढल्याने त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते समोरच्याच्या ओठांकडे बघत बोलायचे. व्हॅन घेतली त्या दिवशी ते मम्मीला म्हणाले होते, "आता तो खडखडाट मेलो तरी ऐकणार नाही." गाडी गेली तर परत तोच खडखडाट. हे हर्षदाला कोणी सांगायची गरज नव्हती.

सर्वेयर मोटारसायकलवरून आला. भला माणूस वाटला. फोटो काढले, टेप लावून खड्डे मोजले, मग मागचं दार उघडून आत वाकला.

"सीट कव्हर क्यां छे?"

"धोवा नाख्युं छे साहेब," पप्पा म्हणाले. "धूळ होती."

सर्वेयरने मान हलवली. मग पप्पांकडे न बघता, अगदी सहज म्हणाला, "जुओ छगनभाई, आ प्रायव्हेट गाडी छे. घरनी माणसं बसवली, वांधो नहीं. भाड्याने पॅसेंजर बसवले असतील तर कंपनी एक रुपयो नहीं आपे. बोलो, गाडीमां कोण हतुं?"

"कोई नहीं साहेब. खाली हती."

सर्वेयर हर्षदाकडे वळला. "बेटा, पप्पा गाडी भाड्यावर चालवतात?"

आता सांगावं, तिला वाटलं. सांगावं की भाडं हा शब्द आमच्याकडे कोणी तोंडातसुद्धा घेत नाही. बायका मुराळ्याला कुंकू लावतात, हातात नारळ देतात, नारळाखाली नोट ठेवतात. ती नोट परत केली तर बहिणीचा अपमान, घेतली तर साहेबांच्या भाषेत भाडं. हे सगळं या माणसाला गुजरातीत कसं सांगायचं? भरल्या मैदानावर माइकशिवाय बोललेली मुलगी गाडीच्या दारात वाकून बसली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना.

तेवढ्यात सीटच्या सांध्यात तिच्या बोटाला काहीतरी टोचलं. मम्मीच्या झाडूतून सुटलेला काचेचा कण. साखरेच्या दाण्याएवढा. तिने तो मुठीत घेतला आणि मूठ आवळली. एवढासा, पण तळहातात घुसला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि हाच डोळ्यात असेल तर?

"नाही काका," ती म्हणाली. "भाड्यावर नाही चालवत."

पप्पांचे खांदे सैल झाले. सर्वेयर म्हणाला, उद्या घरी येऊन जबाबावर सही घेऊन जाईन, काम झालं समजा.

परतताना रिक्षात पप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास. माझी वाघीण."

तिने तळहात उघडून त्यांच्यापुढे धरला. रक्ताच्या ठिपक्यात काच चमकत होती.

"पप्पा, आत्याच्या डोळ्यात हे आहे."

रिक्षाच्या आवाजात त्यांना ऐकू आलं नसेल असं तिला आधी वाटलं. पण त्यांनी तिचे ओठ वाचले होते. ते बाहेर बघू लागले. म्हणाले, "मी आधीच थांबायला पाहिजे होतं. एक धाबा दिसला होता. म्हटलं, पुढे पेट्रोल पंप आहे, तिथे छप्पर मोठं."

घरी मम्मी बाल्कनीत तेच सीट कव्हर तिसऱ्यांदा घासत होती. पाणी अजून तांबूस येत होतं. हर्षदाला बघून तिने बादली पायाने मागे सरकवली. म्हणजे मम्मीलाही सगळं माहीत होतं.

"तुला कळलं वाटतं," मम्मी म्हणाली. मग घासणं न थांबवता, "डॉक्टरला काच म्हटलं की तो विचारणार कसली काच. मग ते कागदावर चढणार. सर्वेयर काय दूधखुळा आहे? अजून दोन दिवस थांबू. सही होऊ दे. मग तिला न्यायचंच आहे."

"दोन दिवस डोळा थांबेल का, मम्मी?"

मम्मीचे हात थांबले. तेवढ्यात दार वाजलं. भटूकाका होते, पाळीवरून नुकतेच घरी आलेले, केसांत कापसाची पांढरी रेघ. त्यांना नळापलीकडचं काहीच माहीत नव्हतं. आत्याने भावापायी नवऱ्यापासूनही लपवलं होतं.

"वहिनी, जरा खाली येता का? ती टिकली लावायला बसली होती. साडीवर हात फिरवून टिकली शोधू लागली. मी म्हटलं, समोरच तर आहे. तर म्हणे, दिसत नाही. चांगल्या डोळ्याने दिसत नाही म्हणते." ते कोणाकडे बघावं हे न कळून पप्पांकडे बघत राहिले. "छगनभाऊ, नळ लागला एका डोळ्याला. दुसरा कसा जाईल?"

पप्पांनी त्यांचे ओठ नीट वाचले. मम्मी पदराला हात पुसत खाली गेली. तिच्यामागे भटूकाका. आणि त्यांच्यामागे, चप्पल न घालताच, हर्षदा.

आत्या अंधार करून बसली होती. पायरवावरून तिने ओळखलं. "हर्षु? आठे ये. रडू नको, बाय." हर्षदा रडतच होती. तिने आत्याचा हात हातात घेतला आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "तुझी आण मोडते, आत्या. शिव्या घाल हवं तर." आत्याने शिव्या घातल्या नाहीत. हातही सोडवून घेतला नाही.

वर आल्यावर मम्मीने कसंबसं ताट वाढलं. भाकरी कोणी मोडेना. पप्पा ताटासमोर हात जोडल्यासारखे बसले होते. ओलं सीट कव्हर दोरीवर टपकत होतं.

हर्षदा त्यांच्या अगदी समोर जाऊन बसली, म्हणजे त्यांना तिचे ओठ दिसावेत. आवाज मात्र तिने वाढवला नाही.

"पप्पा, मम्मी, माझं ठरलंय. एका डोळ्यातल्या काचेपायी आत्याचा दुसराही डोळा चाललाय. उद्या उजाडलं की मी आत्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेणार. डॉक्टरला सांगणार की काच आहे, गाडीची आहे, आणि गाडीत ती होती. भटूकाकांना आत्ताच सगळं सांगून आले. सर्वेयर सहीला आला तर त्यालाही मी आज खोटं बोलले ते सांगणार. गाडीचं काय व्हायचं ते होऊ दे. आणि पप्पा, खाली रिक्षा येईल तेव्हा तुम्ही माझ्या आधी उतरा. तिला न्यायला मुराळी लागतो. तुम्ही नाही आलात, तर मी नेते."