माझ्या तळाशी राहिलेली गोळी

"डॉक्टर, उलटी झाली म्हणजे औषध लागू पडतंय, असं समजायचं का?"

मित्रांनो, वकीलीणबाईंनी हा प्रश्न टाकला तेव्हा मी त्यांच्याच मांडीवर होतो. मी म्हणजे मुलांच्या कॅन्सर वॉर्डातला स्टीलचा एक म्हातारा ट्रे. एका बाजूने आत वळलेला, हनुवटीखाली बरोब्बर बसणारा. उलटी झेलणं हा माझा पेशा. नाक मुरडू नका, कोणीतरी झेलायला हवीच ना!

एकाच पत्र्यातून आम्ही चाळीस भावंडं कापली गेलो. काहींच्या नशिबी ऑपरेशनच्या चकचकीत कात्र्या सांभाळणं आलं, माझ्या नशिबी हे. पूर्वी सिस्टर मला आरशासारखा लख्ख ठेवायच्या. आता उलटीच्या पिशव्या आल्यात. त्या संपल्या की माझी आठवण होते.

वकीलीण नववीतली. सगळ्यांच्या वतीने भांडायची, म्हणून हे नाव. केस गेले तेव्हा महिनाभर पांघरुणातून तोंड काढलं नव्हतं तिने. मग एके सकाळी उठली आणि उघड्या डोक्याने वॉर्डभर मिरवली. तेव्हापासून पोरी तिला चढवायच्या. हा प्रश्नही त्यांनीच पैज लावून विचारायला लावला होता.

डॉक्टर घाईत होते. "हो हो, लागू पडतंय म्हणूनच होतं," असं म्हणून तिच्या गालावर टिचकी मारून ते पुढच्या खाटेकडे वळले. बिचारे धीर द्यायला बोलले. पण वकिलिणीने त्या वाक्याचा कीस पाडला. उलटी म्हणजे औषधाचं काम, तर उलटी थांबवणारी गोळी म्हणजे त्या कामात खोडा! केमोच्या अर्धा तास आधी सिस्टर ती गोळी द्यायच्या. वकीलीण ती गालात दाबायची, चूळ भरायची आणि माझ्यात थुंकायची.

शेजारच्या खाटेवर सहा वर्षांची भिंगरी होती. ताई करेल ते तिला करायचंच असायचं. वकिलिणीने तिच्या कानात सांगितलं, "गिळू नकोस. लवकर घरी जाशील."

पुढचं कसं सांगू? आधी दूध पडलं, मग पिवळं पाणी, मग काहीच नाही, नुसते उमासे. त्या इवल्या गळ्याची प्रत्येक शीर मला दिसत होती. तिची आई चमच्याने घोट घोट पाणी पाजायची आणि तेच पाणी माझ्यात परत यायचं. सिस्टर म्हणाल्या, होतंच असं, सोसायचं थोडं. सफाईच्या मावशी तोंड फिरवून मला मोरीत उपडा करायच्या. तळाला चिकटलेली पांढरी गोळी कोणालाच दिसली नाही. माझं तोंड एवढं मोठं, पण आत जीभ नाही. मी मोरीच्या काठावर आपटून खणखणलो, तर मावशींनी मलाच दोन शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी भिंगरीचे डोळे खोल गेले, ताप चढला आणि तिला अतिदक्षता विभागात नेलं. तिचा डोस थांबला. काय होईल, कोणी सांगेना.

तिच्या खाटेवरची चादर काढताना सिस्टरना वकिलिणीने तोच प्रश्न पुन्हा विचारला. सिस्टर थांबल्या. "नाही गं. उलटीने औषधाचं काम वाढत नाही आणि गोळीने ते अडत नाही. पोटात चार घोट टिकले तर लेकरू तग धरतं, म्हणून तर देतो ती."

वकीलीण भिंतीकडे तोंड करून पडली.

मित्रांनो, पोटात ढवळलं तर सांगा, गोळी नको वाटली तर तेही मोठ्याने सांगा. आणि मोठ्यांनो, मुलांना चालता चालता उत्तर देऊ नका. आम्हाला रिकामं करण्याआधी एकदा आत बघा. माझं हे सांगणं भिंगरीच्या काही कामाचं नाही, ते मला ठाऊक आहे.

दुपारी भेटीच्या वेळी वकिलिणीचे आईबाबा आले. आईने डब्याचं झाकण उघडायला घेतलं, वकिलिणीने तिचा हात धरला.

"आई, बाबा, आधी ऐका. मी गोळ्या थुंकत होते. भिंगरीलाही मीच शिकवलं. तिची आई बाहेर बाकावर बसलीय. मी आत्ता तिला सांगायला चाललेय, आणि मग डॉक्टरांना. ती मला काहीही बोलली, तरी तुम्ही मध्ये पडायचं नाही."