लाभ, दोन, तीन : छातीच्या दुर्बिणीची हकिगत

मी दुर्बीण बोलतेय. चंद्र-तारे पाहणारी नव्हे. माणसाच्या नाकातून उतरून छातीतल्या श्वासनळ्या पाहणारी. शिसपेन्सिलीहून बारीक, टोकाला दिवा आणि डोळा. मुठीजवळचा खटका अंगठ्याने हलवला की मी मान वाकवते.

जन्म परदेशातल्या कारखान्यात, मुक्काम नांदेडच्या एका दवाखान्यात. मला चालवतात डॉक्टर तनुजा मॅडम. सांभाळतात गफूरचाचा. प्रत्येक तपासणीनंतर ते मला पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का, म्हणजे कुठे फाटले तर नाही ना, ते बघतात, आतून ब्रश फिरवतात आणि घड्याळ लावून औषधात ठेवतात. स्वतःच्या नातवाला त्यांनी कधी इतकी आंघोळ घातली नाही, असं त्यांच्या घरचे म्हणतात.

सात वर्षांत एक कळलं. माणसं मला भितात आणि मॅडमशी खोटं बोलतात. "बिडी? कवाच सोडली!" कधी सोडली, तर आज सकाळी, दवाखान्याच्या फाटकात.

दगडोबा आले तो मंगळवार होता. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, बत्तीस वर्षं मापाडी. आता काटा विजेचा आला, पण पोती मोजायची तोंडानेच. पहिल्या पोत्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. आणि एकदा सुरू झालेली मोजणी मध्ये तुटू द्यायची नाही.

"उपाशीपोटी आलात ना?" मॅडमनी विचारलं.

"हाव, कडक उपास हाय," त्यांच्या पत्नी तुळजाबाई म्हणाल्या. "निस्ती साबुदाण्याची खिचडी न् भगर. मीठ बी सैंधवच घातलं."

मॅडमनी कपाळाला हात लावला. भरल्या पोटी मी आत गेले आणि उलटी झाली, तर ती श्वासनळीत जायची. "उद्या या. पाणीसुद्धा नको."

"देवाचा उपास बरा म्हनायचा," दगडोबा पुटपुटले.

बुधवारी ते खरोखर उपाशी आले. आठ महिन्यांचा खोकला, कधी थुंकीत रक्त. गोळ्या घेतल्या की पंधरा दिवस बरं, मग पुन्हा तेच. उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी फोटोत सावली. मोंढ्याने कॅन्सर ठरवून टाकला होता. दगडोबांनीही शर्टावरचा मापाड्याचा बिल्ला पुतण्याला द्यायचं नक्की केलं होतं.

"मरायचं भ्याव न्हाई, मॅडम. पर धाव्या पोत्याला खोकला येतो न् मोजणी तुटती. तसला मापाडी काय कामाचा?"

"कधी खाताना ठसका लागला होता? काही आत गेलं होतं?"

"कवाच न्हाई."

"गालात सदा सुपारी असती की!" तुळजाबाई म्हणाल्या.

"गप बस. ठसका लागला असता तर मोजणी तुटली नसती का?"

घशात बधिर करणारा फवारा मारला, हाताला थोडं गुंगीचं औषध दिलं, नाकाशी प्राणवायू लावला. "आता बोलायचं नाही. त्रास झाला तर हात वर करा."

मी नाकातून उतरले. स्वरतंतूंचं दार, मोठी नळी, मग दोन फाटे. उजवीकडे वळले आणि थबकले. वाट अडवून लाल मांसाचा गोळा बसला होता. मॅडम पडद्याकडे वाकल्या. मला वाटलं, गेला बिल्ला.

मॅडमनी माझ्या पोटातल्या नळीतून कफ ओढून घेतला. गोळ्याआड काहीतरी तपकिरी, पांढऱ्या रेघांचं चमकलं.

"या अल्ला! ये तो सुपारी है!" गफूरचाचा ओरडले.

माझ्यातूनच तारेची छोटी जाळी आत सरकली, तिने खांड कवटाळलं आणि आम्ही तिघं सावकाश बाहेर आलो. खांड ताटलीत पडलं, टण्!

"लाभ!" गफूरचाचा म्हणाले.

मॅडम पुन्हा आत बघायला निघाल्या. सुजलेल्या मांसाचा तुकडा तपासायला घेताना त्यामागे आणखी एक बारीक खांड सापडलं. तेही ताटलीत पडलं. तोच गुंगीतल्या दगडोबांचा हात वर गेला.

"त्रास होतोय?" मॅडम दचकल्या.

हाताची दोन बोटं उभी होती. मोजणी तुटू द्यायची नसते.

तुकड्याच्या तपासणीत कॅन्सर निघाला नाही, नुसती सूज होती. तीन आठवड्यांनी दगडोबा आले ते खोकल्याशिवाय. बिल्ला छातीवर होता.

"सोयाबीनची मोजणी चालू होती," त्यांनी अखेर कबूल केलं. "तेविसाव्या पोत्याला खांडं आत गेली. डोळ्यांफुडं काजवे चमकले. पर चोविसावं म्हनलो बगा!"

"जीव गेला असता तर पंचविसावं कोन म्हनलं असतं?" तुळजाबाईंनी विचारलं. दगडोबा बिल्ला नीट करू लागले.

आता माझंही वय झालंय. पडद्यावर दोन-चार काळे ठिपके दिसतात, मान पूर्वीसारखी वळत नाही. काम संपलं की कपाटात सरळ लटकते आणि वाट बघते. एवढंच मागणं आहे, बाबांनो, तोंडात सुपारी असताना बोलू नका, हसू नका, मोजू तर नकाच. ठसका लागला असेल तर लपवू नका. आणि यायचंच झालं तर साबुदाणा घरी ठेवून या.

गफूरचाचा नोंदवहीत रोजच्या पहिल्या रोग्याच्या नावापुढे आता 'एक' लिहीत नाहीत, 'लाभ' लिहितात. तो लाभ तुमच्या नावापुढे न लागो.